म्युटेशनचं नाव वाचून थांबू नका: संसर्ग-जनुकशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

अ‍ॅलील, नैसर्गिक निवड, जीनोम-व्यापी अभ्यास म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालू या. नव्याने येणाऱ्यांची गाडी या संकल्पनांपाशी सहसा अडत नाही. अडते ती एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापाशी: पेपरात छापलेला बदल आणि आपल्या फाइलमधला बदल एकच आहे का? यात महिने वाया जातात आणि आधी कुणी सावध करत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

सिकलसेलचा बदल घ्या. अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये त्याचा मलेरियाशी संबंध दाखवला. एकच प्रत असेल तर फॅल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून मोठं संरक्षण मिळतं, दोन्ही प्रती असतील तर सिकलसेल आजार होतो. सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण. आता हा बदल फाइलमध्ये शोधून दाखवा.

पहिला घोळ क्रमांकाचा. जुन्या लिखाणात तो 'ग्लुटामेट ६ व्हॅलिन' आहे, नव्या रिपोर्टात 'ग्लुटामेट ७ व्हॅलिन'. बदल तोच. जुनी मोजणी सुरुवातीचं मेथिओनिन निघून गेल्यावरच्या प्रथिनाची, तर बदल लिहिण्याची प्रमाण एचजीव्हीएस पद्धत मेथिओनिनलाच १ धरते.

दुसरा घोळ स्ट्रँडचा (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता वाचला, याचा), आणि खरा घात इथे होतो. जनुकाच्या क्रमात हा बदल सी.२०ए>टी आहे, म्हणजे ए जाऊन टी. पण बीटा-ग्लोबिनचं जनुक ११व्या गुणसूत्राच्या उलट्या स्ट्रँडवर आहे आणि व्हीसीएफ फाइल (नमुन्यांत सापडलेल्या बदलांची यादी) सुलट स्ट्रँडवरची अक्षरं लिहिते. त्यामुळे तिथे मूळ अक्षर टी आणि बदललेलं ए दिसतं. जी-ए असा बदल असता तर स्ट्रँड उलटल्यावर सी-टी दिसलं असतं आणि चूक तिथल्या तिथे कळली असती. ए आणि टी मात्र एकमेकांचेच जोडीदार. उलटवा, सुलटवा, फाइलमध्ये तीच दोन अक्षरं राहतात. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, पी-व्हॅल्यू तशीच सुंदर येते, फक्त परिणामाची दिशा फिरते आणि संरक्षण देणारा अ‍ॅलील धोक्याचा ठरतो.

तिसरा घोळ बिल्डचा, म्हणजे संदर्भ जीनोमच्या (रेफरन्सच्या) आवृत्तीचा: जीआरसीएच३७ मध्ये जागा ५२४८२३२, जीआरसीएच३८ मध्ये ५२२७००२. चौथा मोजणीच्या सुरुवातीचा. व्हीसीएफ १ पासून मोजते, बेड फाइल (जीनोममधल्या जागांची यादी) ० पासून. बेडमध्ये ही जागा '५२२७००१ ते ५२२७००२' अशी लिहावी लागते. सवयीने '५२२७००२ ते ५२२७००३' लिहिलंत तर तुम्ही एक अक्षर पुढे सरकता, आणि नेमका तिथेच, त्याच कोडॉनमध्ये, हिमोग्लोबिन सी घडवणारा बदल असतो. विचारलं सिकलसेलचं, उत्तर आलं दुसऱ्याच हिमोग्लोबिनचं. तेही मलेरियाशी निगडित असल्याने निकाल पटण्याजोगाही वाटतो.

विश्लेषणाला हात लावण्याआधी हे करा. बिल्ड कोणतं ते फाइलच्या नावातच लिहा. सॅमटूल्स या प्रोग्रॅमने रेफरन्समधून त्या जागेचं अक्षर काढा आणि व्हीसीएफच्या रेफरन्स रकान्याशी ताडून बघा. ए-टी आणि जी-सी जोड्यांचे बदल वेगळे काढून त्यांची वारंवारता त्याच लोकसमूहाच्या प्रसिद्ध आकड्यांशी जुळवा. ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर दिशा ठरवता येत नाही, तो बदल सोडून द्या. अक्षरं गळण्याचे बदल असतील तर आधी बीसीएफटूल्स या प्रोग्रॅमने नॉर्मलाइझ करा, म्हणजे जागा एकाच पद्धतीने लिहून घ्या, कारण एकच गळती दोन फाइलींत दोन जागांवर नोंदलेली असू शकते. शेवटी, ज्याचा जीनोटाइप पक्का माहीत आहे असा एक नमुना सगळ्या टप्प्यांतून पार करून बघा. एकदा स्क्रिप्ट लिहून ठेवली की हे काम अर्ध्या दिवसाचंही नाही, त्यामुळे धास्ती घेऊ नका.

जंतूंच्या बाजूलाही हेच. क्षयरोगात रिफॅम्पिसिनला दाद न देणारा 'आरपीओबी' जनुकातला नेहमीचा बदल जुन्या पेपरांत एस५३१एल आहे, नव्या यादीत एस४५०एल. फरक ८१ चा, कारण जुनी मोजणी ई. कोलायच्या जनुकाची होती. त्यातच ८१ अक्षरांचा एक ठरावीक पट्टा तपासणारी जलद चाचणी 'रिफॅम्पिसिन-संवेदनशील' म्हणते तेव्हा तिने तेवढाच पट्टा पाहिलेला असतो. आय४९१एफ हा प्रतिकाराचा बदल त्या पट्ट्याबाहेर आहे आणि तो तिला दिसतच नाही.

तयार पाइपलाइन पहिल्याच आठवड्यात चालवून रंगीत मॅनहॅटन प्लॉट (जीनोमभरच्या पी-व्हॅल्यूंचा आलेख) काढणं हा शॉर्टकट माझ्या मते सगळ्यात महागात पडतो. मार्गदर्शक निवडतानाही मोठ्या नावापेक्षा तुमच्या शेजारी बसून एखादी बॅम फाइल (रेफरन्सवर जुळवलेले डीएनएचे तुकडे) आयजीव्ही या बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडणारा माणूस निवडा.

उत्क्रांतीची गोष्ट सांगताना हात आखडता घ्या. एखादा अ‍ॅलील एखाद्या समूहात जास्त दिसला की 'कुठल्यातरी साथीने तो निवडला' असं म्हणायला काही लागत नाही. समूहांचं मिश्रण आणि निव्वळ योगायोगानेही वारंवारता वाढते. शिवाय शेजारी-शेजारी असलेली जनुकं एकत्रच वारशाने येतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांतल्या मूत्रपिंडविकाराचा ठपका २००८ मध्ये एमवायएच९ या जनुकावर आला होता. २०१० मध्ये दिसलं की खरे बदल शेजारच्या एपीओएल१ मध्ये आहेत, जे निद्रारोगाच्या परजीवीशी लढायला मदत करतात. एक प्रत लढ्यात उपयोगी, दोन प्रती झाल्या की मूत्रपिंडाला धोका.

तरी ही बाजू टाळू नका, कारण तिच्याशिवाय 'नॉर्मल' म्हणजे काय हेच ठरत नाही. तांबड्या पेशींवरचं डफी प्रथिन नसलेल्या लोकांना व्हायव्हॅक्स मलेरियाची लागण फार कमी होते. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मुळातच कमी असतात, आणि ते आजारी नसतात. दुसऱ्या समूहावरून ठरवलेली मर्यादा लावून त्यांचं क्लोझापिन (मानसिक आजाराचं औषध) किंवा केमोथेरपी थांबवणं म्हणजे विनाकारण उपचार हिरावून घेणं.

चाचण्यांची किंमतही बदलत असते. आयएल२८बी जनुकाजवळचा बदल २००९ मध्ये सापडला आणि हिपॅटायटिस सी वर इंटरफेरॉन लागू पडेल का हे त्यावरून सांगता येऊ लागलं. काही वर्षांत थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि त्या चाचणीची गरज जवळपास उरली नाही. एचआयव्हीवरचं एबॅकॅव्हिर देण्याआधी त्याच्या तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका ओळखणारी एचएलए-बी*५७:०१ चाचणी मात्र आजही तितकीच मोलाची आहे.

जी६पीडी (तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणारं एन्झाइम) नीट शिका, इथे चूक थेट रुग्णाच्या रक्तात उतरते. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. एकच सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या काही पेशी चांगल्या, काही कमतरतेच्या असतात, म्हणून जीनोटाइपवरून तिची एन्झाइम-पातळी सांगता येत नाही. फ्लोरोसंट स्पॉट चाचणी साधारण ३० टक्क्यांखालचीच कमतरता पकडते, तर व्हायव्हॅक्स मलेरियाचं औषध टॅफेनोक्विन देण्यासाठी ७० टक्क्यांहून अधिक क्रियाशीलता लागते. ५० टक्क्यांची स्त्री स्पॉट चाचणीत पास होते आणि गोळीनंतर तिच्या पेशी फुटू शकतात. त्यामुळे मोजून आकडा देणारी चाचणीच करा. नुकतंच रक्तविघटन होऊन गेलं असेल तर तो आकडाही फसवा असतो: कमतरतेच्या जुन्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. अशा वेळी साधारण तीन महिने थांबून चाचणी पुन्हा करा.