गावच्या नेटवर्कला आयपीव्ही६ पत्ते, काकूंच्या बजेटात

आमच्या गावचं नेटवर्क म्हणजे ३४ घरं, शाळा, पाण्याच्या टाकीवरचा एक रेडिओ आणि दर घरामागं महिन्याला ५० रुपये. गाव दिग्रसच्या बाजूचं. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, नेटवर्क सांभाळणं हे संध्याकाळचं बिनपगारी काम. पैसे बचतगटाच्या काकूंकडे असतात. पब्लिक आयपीसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या स्वतःच्या पत्त्यासाठी, दरसाल वेगळे पैसे लागतील असं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून रे बा, पत्त्याचेबी पैसे लागते? घरं आपले, वायर आपली!"

अर्धं खरं होतं त्यांचं. जुने आयपीव्ही४ पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, आणि जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. तीन भावांत दोन एकर वावर, तशी गत. आयपीव्ही६ म्हणजे त्याच पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत, तिला तो तुटवडा नाही. तिथं खर्च येतो तो नोंदणीचा. भारतात ही वाटणी निक्सी या संस्थेची पत्ते-नोंदणी शाखा, आयआरआयएनएन, करते. स्वतःच्या नावावर ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, घ्यायचा तर दरवर्षी फी, आणि तो ब्लॉक बाकीच्या इंटरनेटला कळवायला बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) करून देणारा पुरवठादार. आमची महिन्याची जमा १,७०० रुपये. त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका.

आधी तुमच्या इंटरनेट पुरवठादाराला फोन करा. "आयपीव्ही६ आहे का?" असं विचारलंत तर पलीकडचा पोरगा "हो सर" म्हणून मोकळा होईल. विचारायचं असं: "प्रिफिक्स डेलिगेशन मिळतं का? मिळत असेल तर /६४, /६० की /५६?" प्रिफिक्स म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा सामाईक भाग, आणि डेलिगेशन म्हणजे त्याखालचे सगळे पत्ते तुमच्या राउटरच्या हवाली करणं. रेघेपुढचा आकडा जितका लहान तितका तुकडा मोठा. मला तीन फोन करावे लागले. तिसऱ्या वेळी तालुक्याचा इंजिनिअर लाइनवर आला आणि म्हणाला, /५६ आधीपासूनच येते, कोणी मागितलं नाही. जादा पैसे शून्य.

/५६ मध्ये /६४ ची २५६ नेटवर्कं बसतात, /६० मध्ये १६. आमची घरं बॅटमॅन-अ‍ॅडव्हच्या (राउटर आपसात जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) एकाच सलग मेशवर, म्हणजे जाळ्यावर, आहेत, त्यामुळं सगळ्या घरांना मिळून एक /६४ पुरते. एक शाळेला, एक टाकीखालच्या सार्वजनिक वाय-फायला. संपलं. पुरवठादार एकच /६४ देत असेल तरी रडू नका, सगळं गाव एका नेटवर्कवर घ्या. मात्र मग सगळ्यांचं अंगण एकच होतं, एकाची उपकरणं दुसऱ्याला दिसू शकतात, हे घरोघरी सांगून ठेवा.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत खुली प्रणाली) असेल तर वॅन६ हा बाहेरच्या लाइनचा इंटरफेस डीएचसीपीव्ही६ क्लायंटवर ठेवा, म्हणजे तो पुरवठादाराकडून पत्ते मागून घेईल. मग प्रत्येक नेटवर्कच्या एडिटमध्ये जाऊन असाइनमेंट लेंथ ६४ करा, आणि असाइनमेंट हिंटमध्ये घरांना १०, शाळेला २०, सार्वजनिकला ३० भरा. हे आकडे लांब वहीत लिहा. मधले आकडे वाया जातात? जाऊ द्या. आयपीव्ही४ ची कंजुषी अंगात भिनलेली असते, ती इथं सोडायची.

दोन गोष्टी इथंच. पत्ते फक्त डीएचसीपीव्ही६ नं वाटू नका, स्लॅक (फोन स्वतःच आपला पत्ता बनवतो ती पद्धत) चालू ठेवा, कारण अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ नं एकेकटा पत्ता घेत नाहीत. आणि फायरवॉल बंद करू नका. आयपीव्ही६ मध्ये नॅटचा, म्हणजे सगळं घर एका पत्त्यामागं लपवण्याचा, आडोसा नसतो.

आता माझी फजिती. शाळेतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून मराठी विकिपीडिया ठेवलाय. त्याचा पत्ता मी पुरवठादाराच्या प्रिफिक्समधला दिला आणि मुलांच्या टॅबमध्ये बुकमार्क करून टाकला. मृगाच्या पहिल्या वादळात लाइन गेली, आली, आणि प्रिफिक्स बदलला. बुकमार्क मेले. त्याहून वाईट म्हणजे बंद पडून उठलेल्या राउटरला जुना प्रिफिक्स आठवतच नव्हता, त्यामुळं तो रद्द झाल्याचं फोनांना कोणी सांगितलं नाही. फोन मेलेला पत्ता धरून बसले आणि माझ्या दुकानासमोर ही गर्दी!

यावर उपाय फुकटाचा आहे. आतल्या सेवांना यूएलए पत्ता द्या, म्हणजे फक्त गावाच्या आत चालणारा, एफडीनं सुरू होणारा. तो कोणाकडून घ्यावा लागत नाही, ओपनडब्ल्यूआरटी स्वतःच यादृच्छिक काढतं आणि पुरवठादार बदलला तरी तो हलत नाही. फोनांसाठी पत्त्याची मुदत कमी करा: पसंतीची (तोवर फोन नव्या कामाला तोच पत्ता वापरतो) ४५ मिनिटं, एकूण ९०, मग पत्ता रद्द.

पुरवठादाराकडे आयपीव्ही६ नसेलच तर हरिकेन इलेक्ट्रिक या कंपनीचा टनेल (आयपीव्ही४ मधून आयपीव्ही६ आणणारा बोगदा) मोफत आहे, /४८ सुद्धा देतात. पण त्याला बाहेरून दिसणारा आयपीव्ही४ पत्ता लागतो. सीजीनॅटमागं असाल, म्हणजे पुरवठादारानं अनेक ग्राहक एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागं ठेवले असतील, तर टनेल चालणार नाही. मग आयपीव्ही६ चा ब्लॉक देणारा छोटा व्हीपीएस (दूरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या, तो ब्लॉक वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरनं गावापर्यंत आणा आणि भाडं दोन-तीन गावांत वाटा.

स्वतःचा ब्लॉक कधी घ्यावा? शेजारची पाच-दहा गावं एका नोंदणीकृत संस्थेखाली आली तर. एका /३२ मधून /४८ चे ६५,५३६ तुकडे निघतात, गावाला एक दिला तरी तालुके पुरून उरतील. फी एकच आणि भागीदार दहा. /४८ पेक्षा लहान तुकडा बाहेरचं जग घेत नाही, म्हणून वाटणी तिथंच थांबवा. आणि लोकांना इंटरनेट पुढं वाटताय तर डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फाय योजनेत पीडीओ (वाय-फाय देणारं छोटं केंद्र) म्हणून बसा, त्याला परवाना लागत नाही.

सगळं झालं की भर दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडा, दहा मिनिटांनी चढवा आणि पाऊण तास थांबा. काकूंच्या फोनवर आधी किविक्स उघडा, मग बाहेरचं पान. पहिलं उघडलं आणि दुसरं अडकलं तर मुदतीचे आकडे सेव्ह व्हायचे राहिलेत. माझे राहिले होते.