पहिल्या ३० सेकंदांतली गळती
एक्सेल आणि गूगल कॅलेंडरच्या युक्त्यांचे व्हिडिओ मी रविवारी हौसेने करतो. लोक यायचे आणि लगेच सटकायचे. मला वाटायचं, थंबनेलच (व्हिडिओचं मुखचित्र) फिकं पडतंय. शेवटी यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा आलेख (कोणत्या क्षणापर्यंत किती लोक टिकले ते दाखवणारा) उघडला, तर रेष पहिल्या ३० सेकंदांतच कड्यावरून कोसळलेली! तिथे काय होतं? फिरता लोगो, ‘नमस्कार मित्रांनो’ आणि सबस्क्राइबची विनवणी. सगळं कापलं. (लोगोपायी दोन रात्री जागलो होतो, जाऊ दे.) आता पहिल्याच वाक्याला शीट पडद्यावर असते. रेष बरीच सावरली.

चॅप्टर, म्हणजे व्हिडिओचे नाव दिलेले भाग, मात्र दिसेनात. व्हिडिओच्या वर्णनात या भागांच्या वेळा लिहिताना पहिली वेळ ०:१२ टाकली होती. ती ०:०० च लागते, किमान तीन चॅप्टर हवेत आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. दुरुस्त करून सेव्ह केलं, चॅप्टर हजर.