हाय-रेजचे पैसे भरताय ना? मग कॉम्प्युटरवर गाणी ऐकताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीत मी एक छोटा यूएसबी डॅक घेतला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी आवाज करून देणारी वस्तू. बोटाएवढाच आहे, एका टोकाला लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन. त्याच्यावर एक बारीक दिवा आहे, गाणं ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं असेल तर हिरवा लागतो आणि त्याच्या वर गेलं की निळा. ॲपमध्ये मी सगळ्यात वरची क्वालिटी निवडली होती, गाण्याच्या माहितीत २४ बिट १९२ किलोहर्ट्झ असं स्पष्ट लिहून यायचं, आणि दिवा मात्र हिरवाच. तीन महिने मी धरून चाललो की दिवा खराब आहे. दिवा बरोबर होता. ॲप १९२ पाठवत होतं पण मधे विंडोज बसलंय आणि ते सगळं ४८ ला उतरवून पुढे ढकलतंय हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर मित्रांचे, नातेवाइकांचे मिळून बरेच लॅपटॉप बघितले आणि जवळपास सगळीकडे हाच प्रकार. प्लॅन चांगला, हेडफोन चांगला, गाणं बिघडतं ते मधल्या वाटेत. आणि ही वाट नीट करायला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी आकडे समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. १९८२ साली सीडी आली तेव्हापासून तिचं माप १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. (इथे किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घेतले, आणि बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला.) हे माप जसंच्या तसं मिळालं की त्याला लॉसलेस म्हणायचं, आणि त्याच्या वरचं, म्हणजे २४ बिट ९६ किंवा १९२ वगैरे, ते हाय-रेज. आता मनापासून सांगतो, साध्या स्ट्रीमिंगवरून लॉसलेसवर आलात तर चांगल्या हेडफोनवर फरक कळू शकतो, पण लॉसलेसवरून १९२ वर गेल्यावर कानाला फरक कळेलच असं नाही. कारण ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झ इतक्या वरच्या सुरापर्यंतचा आवाज पकडला जातो आणि माणसाचा कान जेमतेम २० पर्यंत, तोही लहान वयात. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागण्याआधी वाट स्वच्छ करा.

ॲपमध्येच गडबड

पहिली गोष्ट, तुमच्या ॲपमध्ये ही क्वालिटी आहे का ते बघा. ॲपल म्युझिकमध्ये जून २०२१ पासून जादा पैसे न घेता २४ बिट १९२ पर्यंत मिळतं. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, ते २४ बिट ४४.१ पर्यंत आहे, आणि आपल्याकडे ते प्लॅटिनम प्लॅनमध्ये येतं. यूट्यूब म्युझिक जास्तीत जास्त २५६ किलोबिटचं, तिथे लॉसलेस शोधत बसू नका. तिकडे अमेरिकेत, युरोपात असलेल्या आपल्या लोकांकडे टायडल आणि कोबझ पण असतात.

दुसरी गोष्ट, प्लॅन घेतला म्हणजे क्वालिटी आपोआप वर जाते असं नाही, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः लावावी लागते. आणि स्ट्रीमिंगची क्वालिटी वेगळी, डाउनलोडची वेगळी, बरेच जण पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. आधी डाउनलोड केलेली गाणी तर जुन्याच क्वालिटीत पडून राहतात, ती डिलीट करून परत उतरवावी लागतात.

ब्राउझरच्या टॅबमध्ये ऐकू नका, डेस्कटॉपचं ॲप टाका. ॲपल म्युझिकच्या वेबसाइटवर लॉसलेस मिळत नाही, ॲपमध्ये मिळतं, गाणं तेच आणि अकाउंटही तेच.

ॲपल म्युझिकवाल्यांसाठी अजून एक, डॉल्बी ॲटमॉस (चारी बाजूंनी आवाज आल्यासारखं वाटायचा प्रकार) कायम चालू ठेवलं असेल तर ॲटमॉसमधली गाणी लॉसलेस वाजतच नाहीत, कारण ॲटमॉसचा स्ट्रीम लॉसी, म्हणजे काही भाग गाळून लहान केलेला असतो, ७६८ किलोबिटचा. लॉसलेसच हवं असेल तर ते ऑफ करा.

विंडोजचा मिक्सर

माझा हिरवा दिवा इथेच अडकला होता. विंडोजवर गाणं, व्हॉट्सॲपचं टुंग, ब्राउझरमधला व्हिडिओ, सगळे आवाज एका मिक्सरमध्ये जातात, आणि एकत्र करायचे तर सगळ्यांचं माप एकच लागतं, म्हणून विंडोज जे माप ठरवून ठेवलंय त्यात प्रत्येक आवाज बदलून घेतं. ते माप बहुतेक लॅपटॉपवर ४८ असतं. मग तुमचं ४४.१ चं गाणं वर चढवलं जातं, १९२ चं खाली उतरवलं जातं, आणि ॲपला याचा पत्ताही नसतो, ते आपलं १९२ दाखवत राहतं.

सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग साउंड, तिथे तुमच्या डॅकच्या नावावर क्लिक केलं की फॉरमॅट म्हणून एक यादी उघडते, ते माप तिथे बदलता येतं. आता इथे लोक हमखास एक चूक करतात (मी पण तेच केलं होतं), यादीतलं सगळ्यात मोठं, २४ बिट १९२, निवडून मोकळे होतात. त्याने फक्त तुमची ४४.१ ची गाणी फुगवून १९२ होतात, जे मुळात नव्हतं ते त्यात कुठून येणार. ॲपवरची बहुतेक गाणी ४४.१ चीच आहेत त्यामुळे २४ बिट ४४.१ ठेवा, आणि एखादा ९६ चा अल्बम निवांत बसून ऐकायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं ९६ करा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोड. टायडल, कोबझ, ॲमेझॉन म्युझिक यांच्या डेस्कटॉप ॲपमध्ये तो आहे. चालू केला की ॲप मिक्सरला बाजूला सारून थेट डॅकशी बोलतं, आणि टायडल, कोबझमध्ये तर गाण्यागणिक माप पण आपोआप बदलतं. फक्त तेव्हा बाकीचे सगळे आवाज बंद होतात, व्हिडिओ म्यूट झाला म्हणून घाबरू नका. चालू होत नसेल तर त्याच डिव्हाइसच्या जुन्या प्रॉपर्टीजच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जा, तिथे ॲप्सना एक्सक्लुझिव्ह कंट्रोल द्यायचा का असा चौकोन असतो, त्यावर टिक आहे का बघा. आणि तिथे गेलातच तर ऑडिओ एन्हान्समेंट्स पण बंद करून टाका. लॅपटॉप कंपन्या बारक्या स्पीकरसाठी बास वाढवणारी, आवाज मोठा करणारी सॉफ्टवेअरं आधीच घालून देतात आणि काही वेळा ती हेडफोनच्या आवाजावर पण चालत राहतात.

मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअप नावाच्या छोट्या ॲपमध्ये होतं. ॲपल म्युझिक तिथेही स्वतःहून माप बदलत नाही, हाताने बदलायचं.

ब्लूटूथवर हाय-रेज

हे शक्यच नाही, एवढंच सांगतो. ब्लूटूथमधला एलडॅक हा भारी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) धरला तरी जास्तीत जास्त ९९० किलोबिट, म्हणजे साध्या सीडीपेक्षाही कमी, आणि विंडोजमध्ये तो मुळात येतच नाही. चालता फिरता ब्लूटूथ छानच आहे पण टेबलाशी बसलात तर वायर लावा.

वायर नकोच असेल तर निदान एक सांभाळा. मीटिंग चालू असताना ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि गाणं एकदम जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखं होतं, चपटं आणि मोनो. कित्येकदा मीटिंग संपते पण ॲप मागे चालूच राहतं आणि माइक सोडत नाही. एका मित्राने याच कारणावरून हेडफोन परत करायला काढले होते, आम्ही मीटिंगचं ॲप पूर्ण बंद केलं आणि आवाज जागेवर आला. माइक लॅपटॉपचाच निवडून ठेवा.

घूंऽऽ असा आवाज

याने लोक खरंच हैराण होतात, आणि महागडा डॅक आणूनही तो जात नाही कारण दुखणं दुसरीकडे असतं. दोन वेगळे आवाज आहेत, आधी ओळखा कुठला आहे तो.

एक म्हणजे किर्रकिर्र, माउस हलवला, पेज स्क्रोल केलं की बदलणारा. तो कॉम्प्युटरच्या आतल्या सर्किटमधून हेडफोनच्या भोकात झिरपतो, डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला तर जास्तच. तानपुरा सुरू होतो तेव्हा, म्हणजे आलापीच्या आधी जी अर्ध्या मिनिटाची शांत जागा असते ना, तिथे तो स्पष्ट ऐकू येतो. याच्यावर साधा डोंगल-डॅक पुरतो, ॲपलचा टाइप-सीवाला साडेतीन एमएमचा डोंगलसुद्धा २४ बिट ४८ पर्यंत नीट चालतो आणि विंडोजवर पण चालतो.

दुसरा म्हणजे सतत घुमणारा, ५० हर्ट्झचा, लॅपटॉपला पॉवरवाले स्पीकर जोडल्यावर येणारा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज गेला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे लॅपटॉप एका सॉकेटमधून अर्थ घेतोय, स्पीकर दुसऱ्या, आणि दोघांमधल्या फरकाचा करंट ऑडिओच्या वायरमधून फिरतोय. आधी दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑडिओ वायरच्या मधे लावा. तरीही येत असेल, किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. आणि कुणी सांगितलं की प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज जाईल, तर अजिबात ऐकू नका. आवाज जाईलही, पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

आवाज फाटतो, कमीजास्त होतो

व्हॉल्यूम तीन ठिकाणी असतो, ॲपमध्ये, विंडोजमध्ये आणि डॅक किंवा ॲम्पवर. पहिले दोन पूर्ण वर ठेवा आणि कमीजास्त शेवटच्या बटणावर करा. आधी मात्र ते बटण पूर्ण खाली आणा, नाहीतर कानाला दणका बसेल. इक्वलायझर वापरत असाल आणि बास ६ डेसिबल वाढवला असेल तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधलीच एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर ढोल-ताशा लागला की आवाज फाटणार म्हणजे फाटणार. स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम लेव्हल लाउडवर असेल तर त्यात मोठे आवाज दाबणारा लिमिटर लागतो, ते काढून टाका.

अडकत अडकत वाजतं

ॲपलच्या हिशोबाने १९२ चं तीन मिनिटांचं गाणं साधारण १४५ एमबीचं होतं आणि नेहमीच्या २५६ किलोबिटचं ६ एमबीचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा २ जीबी डेटा असेल तर चौदाव्या गाण्याशी खलास. प्रवासात क्वालिटी उतरवा किंवा घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा. इंटरनेट धडधाकट असूनही टकटक आवाज येत असेल तर डॅक यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड दिसत असेल तर तेही.

जुनी रेकॉर्डिंगं

शेवटी हे, कारण यावरून लोक उगाच निराश होतात. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांचं गाणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. ते ॲपवर २४ बिट ९६ मध्ये आलं तरी तबकडीवर होतं तेवढंच येणार, खरखरीसकट. इथे आकडा बघू नका, प्रत बघा. एकाच रेकॉर्डिंगच्या ॲपवर कधीकधी दोन-तीन प्रती असतात, वेगवेगळ्या अल्बममध्ये, आणि एखाद्यात खरखर काढायच्या नादात वरचे सूरच घासून टाकलेले असतात, तानपुऱ्याची जवारी गायब, आवाज कांबळं पांघरल्यासारखा. सगळ्या प्रती एकाच व्हॉल्यूमला लावून पहिलं एक मिनिट ऐका. मला अशी एक साध्या १६ बिटची प्रत सापडलीय, खरखर भरपूर आहे, पण तान संपल्यावर घेतलेला श्वास तिच्यात ऐकू येतो, आणि आता मी तीच लावतो, हिरव्या दिव्यावर.