जर्मनीतील हिवाळ्यात म्युनिकहून एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात

जर्मनीत शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याचा पहिला हिवाळा बहुधा खोलीतच सरतो. थंडीचा धाक असतो, फेब्रुवारीतल्या परीक्षांचे ओझे असते, आणि फिरायचे ते उन्हाळ्यात, असे आधी आलेले विद्यार्थी सांगत असतात. हा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण या देशाची कितीतरी रूपे केवळ डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात दिसतात. मात्र आखणी वेगळी करावी लागते. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो, उजेडाचा होत नाही. 21 डिसेंबरच्या सुमारास म्युनिकमध्ये सकाळी आठला सूर्य उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. उत्तरेला हॅम्बुर्गमध्ये तर दिवस त्याहूनही जवळजवळ तासाभराने लहान असतो. म्हणून एका दिवशी एकच गाव ठरवावे, सकाळची गाडी अंधारात पकडावी, किल्ला, नदीकाठ, जुनी गल्ली असे उघड्यावरचे सारे दुपारी तीनपर्यंत पाहून घ्यावे, आणि संग्रहालय किंवा बाजार संध्याकाळसाठी राखून ठेवावा.

प्रवासासाठी डॉइचलँड-टिकीट सर्वांत सोयीचे. जानेवारी 2026 पासून त्याची किंमत महिन्याला 63 युरो आहे. अनेक विद्यापीठांत त्याचेच स्वस्त विद्यार्थी-रूप मिळते, त्यामुळे आधी विद्यापीठात चौकशी करावी. हे तिकीट देशभरातील प्रादेशिक गाड्या, उपनगरी गाड्या, ट्राम आणि बस यांना चालते. आयसीई किंवा आयसीसारख्या वेगवान गाड्यांना चालत नाही. ही वर्गणी आपोआप पुढच्या महिन्यात सरकते. बंद करायची असल्यास चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते, आणि ही तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवणे उत्तम.

पहिली सहल न्यूर्नबर्गची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तेथील नाताळ-बाजार, म्हणजे क्रिस्टकिंडलेसमार्क्ट, ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरला संपतो. शनिवारी संध्याकाळी तेथे पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळे तासिका नसलेला आठवड्यातला एखादा दिवस साधावा. चौकातील फ्राउएनकिर्शे या चर्चच्या दर्शनी भागावर एक यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला त्यातील सात राजपुरुषांच्या बाहुल्या सिंहासनावरील सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात. ते पाहण्यासाठी दहा मिनिटे आधी पोहोचून चर्चकडे तोंड करून उभे राहावे. त्यानंतर उजेड असेतो टेकडीवरचा किल्ला चढून यावा आणि अंधार पडला की पुन्हा बाजारात उतरावे, कारण लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छतांखाली दिवे लागल्यावरच त्या बाजाराला खरी शोभा येते. गरम पेयाच्या मगासाठी काही युरो अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत मिळतात, आवडला तर तो घरी नेता येतो. मद्य नको असल्यास किंडरपुन्श मागावे. शाकाहारी विद्यार्थ्यांना बटाट्याच्या किसाचे तळलेले वडे सफरचंदाच्या गोड चटणीसोबत मिळतात. साखरेत घोळवलेले गरम बदाम आणि भाजलेले चेस्टनटही असतात.

न्यूर्नबर्ग पाहून आल्यावर एखाद्या रविवारी म्युनिकमधल्याच आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात जावे. न्यूर्नबर्गच्याच आल्ब्रेख्त ड्यूररने 1500 साली रंगवलेले आत्मचित्र तेथे आहे. रविवारी प्रवेशाला एकच युरो पडतो. सोमवारी संग्रहालय बंद असते.

नोयश्वानस्टाइनचा राजवाडा बर्फात पाहण्याची ओढ सर्वांनाच असते. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत प्रादेशिक गाडीने सुमारे दोन तास लागतात, तेथून राजवाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाउ गावाला बस जाते आणि पुढे अर्धा-पाऊण तास चढण आहे. आत जाण्याच्या तिकिटावर ठरावीक वेळ छापलेली असते आणि ती हुकली की प्रवेश मिळत नाही, म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढावे व दुपारची वेळ घ्यावी. राजवाड्याचे प्रसिद्ध दृश्य दिसते तो मारिएनब्रुके हा पूल बर्फ साचल्यावर बंद करतात. अशा वेळी कुंपण ओलांडून जाणारे पर्यटक दिसले तरी त्यांच्यामागे मुळीच जाऊ नये, खाली खोल दरी आहे. हाच नियम गोठलेल्या तळ्यांना लागू आहे: तळे अधिकृतपणे खुले केलेले नसेल, तर बर्फावर पाय ठेवू नये.

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गलाही डॉइचलँड-टिकीटच प्रादेशिक गाडीने थेट स्थानकापर्यंत नेते. जर्मनीचा वैध निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत, कारण परतताना पोलीस गाडीत तपासणी करतात.

कपड्यांबाबत एवढेच सांगतो की एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण गाडीत आणि संग्रहालयात चांगलेच उकडते. पैसे वाचवायचे तर जाकिटात वाचवावेत, बुटांत वाचवू नयेत. बूट पाणी न शिरणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे आणि लोकरीचे मोजे मावतील इतके सैल असावेत. घट्ट बुटात बोटे अधिक गारठतात. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवावा आणि पॉवर बँक सोबत घ्यावी.

रविवारी दुकाने बंद असतात, तशीच ती 25 व 26 डिसेंबर, 1 जानेवारी आणि बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, 6 जानेवारीलाही असतात. 24 तारखेला दुपारीच सारे आवरते घेतात. त्यामुळे किराणा आधी भरावा आणि सहलीच्या दिवशी पोळी-भाजीचा डबा व थर्मासमध्ये चहा न्यावा. परतीसाठी शेवटच्या गाडीवर विसंबू नये, तिच्या आधीची गाडी धरावी. बर्फ पडला की गाड्या रखडतात, आणि मधल्या स्थानकावर जोडगाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी एखादा तास उघड्या फलाटावर काढावा लागतो.