ओळखीच्या बायबल-कथेवर कल्पनाशील मनन कसं लिहावं

कल्पनाशील मनन म्हणजे बायबलमधल्या एखाद्या प्रसंगात मनाने उभं राहून लिहिलेला छोटा लेख. त्यासाठी गोष्ट निवडण्यात वेळ घालवू नका. जी तोंडपाठ आहे तीच घ्या.

मग ती पुन्हा वाचा, आणि एकाहून जास्त शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) असेल तर सगळीकडे वाचा. पाठ झालेली गोष्ट आणि शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, लिहिलेली गोष्ट एकच असते असं धरून चालू नका. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, आणि ते बाळाला भेटतात ते घरात. लूकच्या येशूजन्माच्या वृत्तांतात उतारशाळेचा मालक नाहीच, तरी नाताळच्या निम्म्या मननांत तो दार लावून घेताना दिसतो. येशूने हजारोंना जेवू घातलं त्या गोष्टीतल्या पाच भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाजवळ होत्या, हे फक्त योहान सांगतो. असे तपशील वहीत वेगळे लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं राहतं.

जागा पक्की करायला फार लागत नाही: वेळ कोणती, अंतर किती, पायाखाली काय, हवा कशी. स्वतःला त्या प्रसंगात उभं करून प्रार्थना करण्याची रीत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16 व्या शतकातच शिकवली होती, आणि सुरुवात जागा डोळ्यांपुढे आणण्यापासूनच केली होती. मात्र वर्णनाने पान भरू नका. दोन-तीन खऱ्या गोष्टी पुरतात.

आता मुद्द्याची पायरी. मननं फसतात ती इथेच, आणि मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच. प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा, आणि त्या माणसाला काय ठाऊक नाही?

‘डोळे मिटा आणि मनात येईल ते लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. मनात पहिल्यांदा येतं ते लहानपणापासून ऐकलेलं प्रवचन, फक्त पात्राच्या तोंडी घातलेलं. ‘स्वतःला पेत्राच्या (येशूच्या मुख्य शिष्याच्या) जागी ठेवा’ हाही तसाच सल्ला. पेत्राबद्दल आपल्याला इतकं ठाऊक असतं की पाण्यावर पाऊल टाकण्याआधीच तो आपल्या लेखात बुडू लागलेला असतो.

त्यापेक्षा शास्त्राने जिथे जागा मोकळी सोडली आहे तिथे उभे राहा. येशूने सरोवरावरचं वादळ शांत केल्याची गोष्ट घ्या. ती मत्तय, मार्क आणि लूक तिघांकडे आहे. पण येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता हे मार्कच सांगतो, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याही नावा होत्या, हेही एकटा मार्कच (4:36). त्या नावांचं पुढे काय झालं, कोणीच सांगत नाही. वादळ त्यांच्यावरही आलं असणार. वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला असणार. तिथे एक माणूस बसवा.

आता त्याचं अज्ञान सांभाळा. संध्याकाळ होऊन गेली आहे, म्हणजे अंधार. गालील समुद्र हे खरं तर सुमारे 21 किलोमीटर लांबीचं गोड्या पाण्याचं सरोवर. त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून जास्त खाली, भोवती डोंगर, आणि त्या उतारांवरून गार वारा अचानक खाली कोसळतो. 1986 साली पाणी ओसरलं तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर चिखलात येशूच्या काळातली एक नाव सापडली. लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी अडीच मीटरहूनही कमी. अशा नावेत पाणी उपसत बसलेल्या माणसाला दुसऱ्या नावेतलं बोलणं कसं ऐकू येईल? येशूने वाऱ्याला धमकावलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला नाही. ते त्याच्या कानावर घालायचा मोह होईल. घालू नका.

मग त्याच्या वाट्याला येतं ते असं काहीतरी:

‘भांडं हातात तसंच राहिलं. आत पाणी येत नव्हतं. पलीकडे त्यांची नाव दिसत होती, सगळे उभे. वादळातून वाचल्यावर माणसं ओरडतात, एकमेकांना मिठ्या मारतात. त्यांच्यातलं कोणीच ओरडलं नाही. मी हाक मारली. कोणी वळूनही पाहिलं नाही.’

मार्क म्हणतो की वारा पडल्यावर शिष्य फार घाबरले. वादळात घाबरले ते वेगळं, ही भीती नंतरची. आपण ते वाक्य घाईने ओलांडतो. दुसऱ्या नावेतल्या माणसाला ते ओलांडता येत नाही, कारण त्याच्यासमोर तेवढंच आहे. कल्पनेचं काम हेच: शास्त्रातलं दुर्लक्षित वाक्य पुन्हा जड करणं. नवीन चमत्कार, नवीन संवाद, नवीन निरोप तयार करणं हे तिचं काम नव्हे.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही. पात्रांना हवं ते बोलू द्या, पण येशूच्या तोंडी शास्त्रात नसलेलं वाक्य घालू नका. ‘माझ्या लेकरा, मी सदैव तुझ्याजवळ आहे’ असं लिहायला छान वाटतं, वाचणाऱ्याचे डोळेही भरतात, आणि महिन्याभराने तोच वाचणारा ते वचन म्हणून दुसऱ्याला सांगतो. पाप करताना धरलेल्या स्त्रीच्या गोष्टीत येशू जमिनीवर बोटाने लिहितो. काय लिहिलं ते योहानाच्या पुस्तकात नाही. तुमच्या मननातही नसावं. बघणाऱ्याला फक्त बोट आणि धूळ दिसू द्या.

परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि गर्दी यांना खलनायक करू नका. येशू यहुदी, शिष्य यहुदी, गर्दीही बहुतेक यहुदीच. चेहरा नसलेला दुष्ट जमाव लिहिणं आळसाचं लक्षण आहे, आणि अशा लिखाणाने इतिहासात खऱ्या माणसांचा छळ झालेला आहे.

पहिला खर्डा एका बैठकीत लिहा, दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. पात्राला ठाऊक असणं शक्य नाही असं प्रत्येक वाक्य खोडा. हे कठोरपणे करा.

शेवट. तुमचा शेवटचा परिच्छेद बहुधा ‘आपणही आपल्या जीवनातील वादळांत’ असा सुरू होत असेल. तो काढून टाका. वाचणाऱ्याला आपली वादळं ठाऊक असतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, धाकट्याच्या स्वागताला आत यायला नकार देणाऱ्या थोरल्या भावाची गोष्ट येशूने अंगणातच थांबवली, तो आत गेला की नाही हे सांगितलं नाही. जुन्या करारातलं योना संदेष्ट्याचं पुस्तक तर देवाच्या प्रश्नावर संपतं आणि उत्तर येत नाही. तुम्हालाही थांबता येईल.

मननाला प्रार्थना जोडायची असेल तर ती त्या पात्राची असू द्या, दोन ओळींची, आणि त्याला जेवढं कळलं आहे तेवढीच. दुसऱ्या नावेतल्या माणसाला येशूचं नावही ठाऊक नसेल. मग त्याने फक्त विचारावं: ‘त्या नावेत कोण होतं?’