संत्र्याच्या हंगामाआधी वेबसाइटची तयारी

आंबिया बहाराची, म्हणजे वर्षातल्या दोन मुख्य हंगामांपैकी एकाची, संत्री ऑक्टोबरात उतरायला लागतात, म्हणून आमच्या घरी ही तयारी पोळ्याच्या सुमारासच सुरू होते. बाग काटोलकडे, पॅकिंग नागपुरात आणि पेट्यांच्या ऑर्डरी आमच्या छोट्याशा वेबसाइटवर. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून माणसं तिथवर आणायचं काम माझ्याकडे आहे. दिवाळीत फराळ, पणत्या किंवा साड्या विकणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी पान तयार करायचं, पोस्ट नंतर. मागच्या हंगामात मी उलटं केलं. पहाटे कळमन्याच्या मार्केटात जाऊन संत्र्यांच्या ढिगांची रील काढली. लोकांनी ती भरभरून पाहिली, पण लिंक नेत होती वेबसाइटच्या पहिल्या पानावर. तिथे वरच उन्हाळ्यातल्या सरबताचं मोठं चित्र, संत्री पार खाली. नागपुरातल्या महाल भागातल्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "काऊन रे बाबू, फोटो तं मस्त टाकला, पन दाबलं तं सरबतच दिसून राहिलं. संत्री कुठी आहेत?" त्यांनी निदान विचारलं तरी. बाकीचे न बोलता परत गेले असणार.

तेव्हापासून ज्या मालाची पोस्ट, त्याच मालाचं पान. त्यावर भाव, पेटीचं वजन, अंदाजे किती फळं, कोणत्या पिनकोडला किती दिवसांत पोचतील, फळ खराब निघालं तर काय, हे सगळं पान बोटाने एक-दोनदा सरकवताच दिसलं पाहिजे. खायची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांकही तिथेच.

मग पान हलकं करायचं. मोबाईलने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर गिऱ्हाईक पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतं. फोटो लहान करून चढवा आणि गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पान तपासा. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर गुगल त्याला चांगलं म्हणतं. मी आणखी एक करतो. संध्याकाळी बर्डीवरच्या बाजारातल्या गर्दीत उभा राहतो, वायफाय बंद ठेवून साध्या फोनवर पान उघडतो आणि थेट पैसे भरण्यापर्यंत जातो. हे इन्स्टाग्रामच्या आतूनच करून बघा. इन्स्टाग्राम लिंक स्वतःच्याच ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथून यूपीआयच्या ॲपवर जाताना व्यवहार कधी कधी अडकतो. अडकला तर क्यूआर कोड किंवा पेटी घरी पोचल्यावर पैसे असा दुसरा रस्ता पानावर हवाच.

आता वाटा मोकळ्या आहेत का ते बघू. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, तरी लोक ती वर्षानुवर्षं टाकत राहतात. लिंक बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुरात, द्या. २०२३ पासून तिथे पाच लिंक बसतात, पण हंगामाचं पान सगळ्यात वर ठेवा. स्टोरीत लिंकचं स्टिकर वापरा आणि त्यावर 'पेटी मागवा' असं मराठीत लिहा. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकही ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाहीत, त्यामुळे आम्ही तिथे फारसा वेळ घालवत नाही.

आमचं खरं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहे. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत 'आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या बहाराची खबर मिळेल' अशी चिठ्ठी टाकायची. ती आत्ताच छापून ठेवा, ऐन गर्दीत प्रेसवाला हाती लागत नाही.

लिंक पाठवल्यावर खाली दिसणारं छोटं चित्र आणि मथळा हेही तपासा. ते पानाच्या कोडमधल्या 'ओपन ग्राफ' नावाच्या टॅगांवरून येतात. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवलं की नीट बसतं. फेसबुक जुनं चित्र साठवून ठेवतो, म्हणून भाव बदलला की त्याच्याच शेअरिंग डीबगर या साधनात लिंक टाकून ते ताजं करून घ्या. एकदा चित्रात मागच्या वर्षीचा भाव राहिला होता आणि आम्ही त्याच भावाने पेट्या दिल्या. शब्द दिला होता ना!

कोणती लिंक कामाची ठरली हे कळायचं तर प्रत्येक लिंकला यूटीएमची शेपटी (लिंकच्या शेवटी जोडायचे ओळखीचे शब्द) लावा, म्हणजे कुठून, कशातून आणि कोणत्या मोहिमेतून माणूस आला ते वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये दिसतं. नावं कायम छोट्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहा, नाहीतर एकच इन्स्टाग्राम दोन नावांनी मोजला जातो. व्हॉट्सॲपला तर शेपटी हवीच. ती नसेल तर तिथून आलेली बरीच माणसं 'डायरेक्ट' या खात्यात जमा होतात आणि आपल्याला वाटतं, ही आपोआपच आली.

पोस्टचा विषय गिऱ्हाइकाच्या प्रश्नातून घ्या. आम्हाला दर ऑक्टोबरात विचारतात, हिरवट संत्रं कच्चं असतं का? दर वेळी नसतं. रात्री थंड झाल्याशिवाय सालीवर केशरी रंग नीट चढत नाही, आत मात्र फळ पिकून गोड झालेलं असू शकतं. हे उत्तर रीलमध्येच पूर्ण द्यायचं. अर्धं सांगून 'पुढचं वेबसाइटवर' म्हणणं मला पटत नाही. पानावर यायला दुसरं कारण द्या, म्हणजे कोणत्या आकाराची पेटी घ्यावी आणि फळं घरी कशी ठेवावीत. अशा सात-आठ रीली सप्टेंबरातच काढून ठेवा. भाव विचारला की कमेंटमध्येच सांगा. 'इनबॉक्स करा' म्हटलं की निम्मा उत्साह तिथेच ओसरतो.

इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या जाहिरातीचे पैसे शेवटी, पान पक्कं झाल्यावर. उद्दिष्ट 'लिंक क्लिक' न ठेवता 'लँडिंग पेज व्ह्यू', म्हणजे पान खरंच उघडणं, हे ठेवा आणि माल पोचतो तेवढीच शहरं निवडा.

माल संपेल त्या दिवसाचीही तयारी आत्ताच करून ठेवा. पान उडवू नका. त्याची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपांवर महिनोन्‌महिने फिरत राहते. त्याच पानावर 'आंबिया संपला, मृग बहार फेब्रुवारीत' असं लिहा आणि खाली नंबर सोडायला एक रकाना ठेवा.