फ्लॅश आणि सभोवतालचा उजेड: पोर्ट्रेटमध्ये दोघांचा मेळ कसा घालावा

संध्याकाळी फ्लॅश मारून काढलेल्या बऱ्याच पोर्ट्रेटमध्ये चेहरा पांढराफटक येतो आणि मागचं आकाश, झाडं, दिवे सगळं काळोखात बुडतं. डोळ्यांना ते सगळं स्वच्छ दिसत होतं. पण कॅमेरा फक्त फ्लॅशच्या हिशेबाने लावलेला होता, तिथे आधीपासून असलेल्या उजेडाचा विचार झालाच नव्हता. म्हणून इथे क्रम उलटा ठेवू: आधी पार्श्वभूमी ठरवायची, चेहरा नंतर. एवढं सांभाळलं तर एका साध्या स्पीडलाइटवर (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशवर) अतिशय सुंदर कामं होतात, महागड्या दिव्यांची गरज पडत नाही.

लागेल ते इतकंच: मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा, पॉवर हाताने कमी-जास्त करता येणारा फ्लॅश, तो कॅमेऱ्यापासून दूर उडवण्यासाठी ट्रिगर, एक स्टँड आणि उजेड मऊ करणारा छोटा सॉफ्टबॉक्स किंवा छत्री.

आधी हे समजून घ्या

फ्लॅशचा झोत फारच थोडा वेळ टिकतो. स्पीडलाइट पूर्ण पॉवरवर असेल तर साधारण १/१००० सेकंद, आणि पॉवर खूप कमी केली तर १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी. शटर १/२०० सेकंद उघडं राहो की १/३०, फ्लॅशचा झोत त्यात येऊन निघूनही जातो. म्हणजे शटर स्पीड बदलला की फ्लॅशचा उजेड आहे तेवढाच राहतो, फक्त सभोवतालचा उजेड कमी-जास्त होतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बदलले तर दोन्ही उजेड बदलतात. फ्लॅशची पॉवर आणि त्याचं अंतर बदललं तर एकटा फ्लॅश बदलतो.

पुढचं सगळं यातूनच निघतं. प्रत्येक फ्लॅश पोर्ट्रेट म्हणजे एकाच फ्रेमवर घेतलेली दोन एक्स्पोजर असतात आणि ती दोन वेगवेगळ्या हातांनी फिरवता येतात. मात्र हे सगळं क्लिक करण्याआधीच. नंतर संगणकावर एकूण उजेड वाढवता येतो, सावल्या उचलता येतात, पण फ्लॅशचा वाटा आणि आकाशाचा वाटा वेगळे काढता येत नाहीत.

पायरी १: फ्लॅश बंद ठेवून पार्श्वभूमी लावा

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर तुम्ही शटर बदललंत की कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून हिशेब बिघडवेल. व्हाइट बॅलन्सही (रंगांची सेटिंग) एका जागी बांधून टाका. मिररलेस कॅमेरा असेल तर मेकॅनिकल शटर निवडा, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही.

आता आयएसओ १०० धरा, पार्श्वभूमी किती धूसर हवी त्याप्रमाणे अ‍ॅपर्चर ठरवा, समजा एफ/४, आणि शटर फिरवत पार्श्वभूमी योग्य दिसेपर्यंत या. समजा ते १/१०० ला जमलं. एक फ्रेम घ्या. हाच तुमचा पाया.

आता ठरवायचं की पार्श्वभूमी आहे तशी ठेवायची की थोडी गडद करायची. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक पोर्ट्रेटसाठी अर्धा ते एक स्टॉप गडद पुरे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एवढ्याने आकाशात रंग भरतो, नजर चेहऱ्याकडे वळते आणि फ्लॅश लावला आहे हे चटकन कळतही नाही. दोन-तीन स्टॉप खाली गेलात तर भर दुपारीही रात्र झाल्यासारखं वाटतं. ते हेतुपुरस्सर करायचं असेल तर खुशाल करा, पण सवयीने करू नका.

एक स्टॉप गडद म्हणजे शटर १/१०० वरून १/२०० वर. अ‍ॅपर्चर जागच्या जागी.

पायरी २: फ्लॅश कुठे ठेवायचा

पॉवरपेक्षा जागेचा विचार आधी करा. सभोवतालच्या उजेडाला दिशा असते, आणि फ्लॅश त्या दिशेशी भांडला तर चित्र कृत्रिम दिसतं. मावळतीचा सूर्य माणसाच्या पाठीमागे डावीकडे असेल, तर फ्लॅश समोर उजवीकडे, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवा. सूर्य केसांना आणि खांद्याला कड देईल, फ्लॅश चेहरा सांभाळेल. उन्हात उभं करायचंच असेल तर सूर्याकडे पाठ करून उभं करण्याचं हे एक मोठं कारण आहे: माणूस डोळे बारीक करत नाही आणि चेहऱ्यावर एकसारखी सावली मिळते.

खोलीत खिडकीचा उजेड असेल तर तोच मुख्य राहू द्या. फ्लॅश कॅमेऱ्यामागच्या पांढऱ्या भिंतीवर उडवून सावलीची बाजू हळूच उचला. भिंत रंगीत असेल तर मात्र तो रंग त्वचेवर येतो.

सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण त्याच्या कर्णाइतक्या अंतरावर असेल तर उजेड मऊ पडतो. जवळ आणला की मऊपणा वाढतो, पण उजेड झपाट्याने ओसरतोही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने कमी होतो, म्हणजे दोन स्टॉप. दोन माणसांचं पोर्ट्रेट असेल तर हे नीट लक्षात ठेवा. एक जण फ्लॅशपासून १ मीटरवर आणि दुसरा दीड मीटरवर असेल तर दोघांत एका स्टॉपहून जास्त फरक पडतो. तोच फ्लॅश मागे नेऊन अंतरं ३ आणि साडेतीन मीटर केलीत, तर फरक अर्ध्या स्टॉपच्याही आत येतो.

पायरी ३: फ्लॅशची पॉवर लावा

फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ पॉवरवर सुरुवात करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक्स्पोजरचा पूर्वदर्शन पर्याय चालू असेल तर आता बंद करा. त्यात फ्लॅशचा हिशेब धरलेला नसतो आणि अंधाऱ्या जागी पडदा नुसता काळा दिसतो.

फ्रेम घ्या आणि फक्त चेहरा पाहा. काळसर आहे? १/८ वर जा. जास्त उजळ आहे? १/३२ वर या. शटरला हात लावायचा नाही, अ‍ॅपर्चरलाही नाही.

इथे एक हिशेब बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सभोवतालचा उजेड चेहऱ्यावरही पडत असतो आणि दोन्ही उजेडांची बेरीज होते. मोकळ्या जागी चेहऱ्यावरचा नैसर्गिक उजेड योग्यपेक्षा एक स्टॉप कमी असेल, तर हवा त्याच्या अर्धा उजेड आधीच आलेला आहे. फ्लॅशने उरलेला अर्धाच द्यायचा. दोन स्टॉप कमी असेल तर पाव आलेला आहे, पाऊण द्यायचा. फ्लॅश एकट्यानेच चेहरा पूर्ण उजळेल असा लावलात, तर पहिल्या परिस्थितीत बेरीज दीडपट होते आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर त्वचेचा पोत उडतो. हिस्टोग्रामपेक्षा (उजेडाच्या आलेखापेक्षा) तिथे लुकलुकणाऱ्या हायलाइटच्या, म्हणजे अति उजळ भागाच्या, सूचनेवर विश्वास ठेवा.

टीटीएलबद्दल: कॅमेरा आपोआप पॉवर ठरवतो हे धावत्या मुलांसाठी उत्तमच, कारण तिथे अंतर सतत बदलतं. तेव्हा कॅमेरा मॅन्युअल, फ्लॅश टीटीएल आणि फ्लॅशची भरपाई (त्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सेटिंग) उणे १ ते उणे २ अशी जोडी छान चालते. पण एका जागी बसलेल्या माणसासाठी मी मॅन्युअलच वापरतो. पांढरा किंवा काळा कपडा फ्रेममध्ये आला की टीटीएलचा अंदाज फिरतो आणि प्रत्येक फ्रेम वेगळी येते.

भर उन्हात काय करायचं

खरी कसोटी इथे लागते. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हे ढोबळ गणित आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत नीट चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० असतो. त्याहून वेगात शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, त्यामुळे फ्रेमच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. म्हणजे १/२०० वर अडकलात आणि अ‍ॅपर्चर एफ/११ वर गेलं. आता फ्लॅशला एफ/११ पर्यंत पोचायचं आहे.

फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे मिळणारं अ‍ॅपर्चर. गाइड नंबर ३६ असेल आणि सॉफ्टबॉक्सने दोन स्टॉप खाल्ले, तर गाइड नंबर निम्मा होऊन उरतात १८. दीड मीटरवर मिळतं एफ/१२. पूर्ण पॉवरवर जेमतेम पोचलात, आणि प्रत्येक क्लिकनंतर फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबणं आलं.

धूसर पार्श्वभूमीसाठी एफ/२.८ हवं असेल तर दोन वाटा आहेत. हाय स्पीड सिंकने १/३२०० पर्यंत जाता येतं, पण फ्लॅशला शटरचा सगळा प्रवास संपेपर्यंत झपाझप छोटे झोत सोडावे लागतात, त्यामुळे ताकद बरीच घटते. दुसरी वाट चार स्टॉपच्या एनडी फिल्टरची (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच). तो दोन्ही उजेड सारखेच कापतो, म्हणून १/२०० वरच एफ/२.८ मिळतं. पण पॉवर वाचेल असं समजू नका, फ्लॅशला एफ/११ इतकीच मेहनत करावी लागते. फ्लॅश कमजोर असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माणसाला सावलीत न्या.

रंग जुळवायला विसरू नका

उजेड जुळला पण रंग जुळला नाही तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशचा रंग ५५०० केल्विनच्या आसपास असतो, मावळतीचं ऊन आणि घरातले पिवळे दिवे ३००० च्या जवळपास. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पातळ पट्टी) लावा: मावळतीला पाव किंवा अर्धा, पिवळ्या दिव्यांच्या खोलीत पूर्ण, आणि तिथे व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर. पूर्ण जेल साधारण दोन तृतीयांश स्टॉप उजेड खातो, तेवढी पॉवर वाढवा. हीच जोडी सूर्य मावळल्यावर बाहेर वापरली तर त्वचा नैसर्गिक राहते आणि आकाश गर्द निळं होतं.

सूर्य मावळल्यानंतरची वेळ

मला सगळ्यात जास्त आवडणारं काम याच वेळेचं आहे. इथे दर काही मिनिटांनी आकाश काळं होत जातं, चेहऱ्यावरचा फ्लॅश मात्र तसाच राहतो. म्हणून फ्लॅशला हात न लावता शटर उतरवत जा: १/२००, १/१२५, १/६०. प्रत्येक पावलावर आकाश पुन्हा पहिल्यासारखं होतं आणि चेहरा जवळपास तसाच येतो.

१/६० च्या खाली हात आणि माणूस दोन्ही स्थिर हवेत, नाहीतर फ्लॅशने गोठवलेल्या चेहऱ्याभोवती धूसर कड दिसू लागते. तिथून पुढे शटर थांबवा आणि आयएसओ वाढवा. आयएसओ १०० वरून २०० केलात की फ्लॅश १/८ वरून १/१६ करा. ४०० ला १/३२, ८०० ला १/६४. चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच, आकाश प्रत्येक वेळी एक स्टॉप उजळ. १/२०० ते १/६० आणि आयएसओ १०० ते ८०० मिळून साडेचार स्टॉपहून जास्त जागा हातात येते. त्यापलीकडे आकाशात काही उरत नाही. तेव्हा माणसाला वळवून मागे रस्त्यावरचे दिवे किंवा उजळलेल्या खिडक्या घ्या आणि पुन्हा फ्लॅश बंद करून पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.